ओल खालून की वरून

नाही, थांबा मिस्त्री, ती चिकटपट्टी लगेच उचकटू नका. आधी उभ्यानंच नीट बघून घ्या — प्लास्टिकच्या आतून थेंब दिसतायत ना? दिसतायत. म्हणजे मला तरी दिसतायत, माझा चष्मा जुना आहे, पण एवढे थेंब दिसायला चष्मा कशाला हवा. काल फळ्या उचकटल्यावर तुम्हीच म्हणालात, या उघड्या कोब्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवतो, उद्यापर्यंत आतून घाम धरला तर ओल जमिनीतून वर येतेय, आणि कोरडा राहिला तर पाणी वरून सांडलंय. साधी परीक्षा. मला आवडली, अगदी मनापासून आवडली — मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, प्रयोगशाळेत केस पांढरे केले, पण इतक्या कमी सामानात इतका सरळ प्रश्न विचारणारा प्रयोग मला सुचला नसता. आणि आता उत्तरही आलंय. घाम धरलाय. तळमजल्याचं घर, मागे बाग, बागेला पाणी — ओल येणारच, नाही आली तरच नवल. तेव्हा चिरंजीवांचा फोन आला की तुम्ही त्यांना एवढंच सांगायचं, ओल खालून आहे. बाकी तुमचं काम तुम्ही करा, मी मध्ये पडणार नाही.

बसा ना. खुर्ची ओढा ती — पुस्तकं खाली ठेवा, काही होत नाही त्यांना. चहा येईलच, ही आतच आहे. नको? बरं. मी मात्र बसतो, मला उभं राहून बोलता येत नाही हल्ली. शिकवताना तासन् तास उभा राहायचो. असो.

काल मी तुमच्यावर जरा चढ्या आवाजात बोललो. माझ्या लक्षात आहे ते. तुम्ही आपले भल्यासाठी म्हणालात, 'काका, या खोलीला लाकूड नको, या खोलीला चादर बरी पडेल' — आणि मी म्हणालो, हे घर आहे, दवाखाना नाही. तसं बोलायला नको होतं. पण तुम्हीही विचार करा, मिस्त्री. चादर हा शब्द तुमच्या धंद्यात चांगला आहे, मऊ आहे, पण ती प्लास्टिकची वस्तू मी पाहिलीय. इस्पितळाच्या लांबच लांब बोळात अंथरलेली असते, फिकट हिरवी, सांधा नाही, शिवण नाही, आणि कडा भिंतीवर बोटभर वर चढवलेल्या, म्हणजे काहीही सांडलं तरी फडकं फिरवलं की झालं. काहीही सांडलं तरी. माणूस आपल्या झोपायच्या खोलीत असं काय सांडतो? आणि बाकी घरभर लाकूड आणि एका खोलीत तेवढी चादर — म्हणजे येणाराजाणारा उंबऱ्यातच ओळखणार की या खोलीत काहीतरी भानगड आहे. जमिनीनंच चहाडी करायची. नको. आमच्या चिरंजीवांना सगळीकडे लाकूड हवंय तर सगळीकडे लाकूडच टाका. लाकूड म्हणजे, लाकडाचा फोटो. भुशाची फळी दाबायची आणि वर सागवानाचं छायाचित्र चिकटवायचं. मी त्याला म्हटलं होतं, अरे, भुसा पाणी पितो, आणि प्यायला की फुगतो, आणि फुगला की परत बसत नाही, त्यापेक्षा साधी फरशी घाल, खडबडीत घाल, पाय घसरणार नाही. तर म्हणाला, बाबा, फरशी गार लागते, आईचे गुडघे दुखतात. आईचे गुडघे. तेव्हा आईच्या गुडघ्यांची काळजी होती.

आता तुम्ही म्हणाल, ओल खालून काय नि वरून काय, काका एवढे का हातघाईवर आलेत. सांगतो. तुम्ही परके आहात म्हणून सांगतो, आपल्या माणसांना सांगता येत नाही. सूनबाईंचा पाय अडखळला इथं, फळीची कड वर आली होती. पडल्या नाहीत, पण चिरंजीव आले, गुडघ्यावर बसले, फळी दाबून पाहिली, वाकले — तुम्ही काल वाकलात तसेच — आणि वाकल्या वाकल्या उठले. हात धुवायला गेले. आणि मग जेवताना, सगळे ताटावर असताना, विचारलं. सरळ नाही विचारलं, आजकाल कुणी सरळ विचारत नाही. म्हणाला, त्या खोलीत पाणीबिणी सांडतं का कुणाकडून. आणि ही म्हणाली, 'माझ्याकडूनच होतं ते. वयानं होतं.' झालं. त्यानंतर त्यांनी एक जागा शोधलीय. वृद्धाश्रम म्हणायचं नाही म्हणे त्याला. तिथं चोवीस तास मावश्या आहेत, डॉक्टर आहे, आणि सूनबाईंनी मला फोनमध्ये फोटो दाखवले — हसऱ्या बायका, खिडकीत कुंड्या — आणि मला त्या फोटोत सगळ्यांत आधी काय दिसलं, सांगू? जमीन. फिकट हिरवी. कडा वर चढवलेल्या.

या सोमवारी नेणार आहेत तिला. बॅग बाहेर काढलीय. 'दोघं दिवसभर कामावर, बाबांना हे सगळं जमणार आहे का, महिना-दोन महिने बघू.' महिना-दोन महिने. पण मी काल तुमच्यासमोरच त्याला म्हटलं, अरे, आधी मिस्त्रींना ठरवू दे ओल कुठून येतेय, आणि तो म्हणाला — तुम्ही ऐकलंत — 'खालून असेल तर प्रश्नच मिटला, मग आई कुठे जाते.' म्हणजे त्यालाही तेच हवंय. वाईट नाही तो. त्याला फक्त कुणीतरी सांगायला हवंय की दोष कोब्याचा आहे. कोब्यावर दोष टाकला तर कुणाचं काय जातं? कोबा काही बॅग भरून निघून जात नाही. मग हिनं कबूल का केलं, असं तुमच्या मनात येईल. ती तशीच आहे हो. कुणी मोठ्यानं विचारलं की कबूल करते. कपबशी फुटली की माझ्याकडूनच फुटली, दूध उतू गेलं की माझ्याकडूनच गेलं. भित्रं माणूस. आता उचकटा पट्टी. उचकटा, माझी हरकत नाही.

काय झालं? बोला की.

सुकं आहे. हो, दिसतंय मला. म्हणजे थेंब प्लास्टिकला आहेत आणि खाली कोबा पांढराफटक आहे. त्याचं कारण असं की — म्हणजे बाष्प वर येतं आणि थंड पृष्ठभागावर — नाही. नाही, तसं नाही होत. कोबा काळवंडायला हवा. आणि थेंब असे रांगेत नसतात. मी तरी तुम्हाला काय सांगतोय. मिस्त्री, मी पोरांच्या वह्यांमध्ये हेच पकडायचो. आलेखावरचे सगळे बिंदू सरळ रेषेत आले की मी वर बघायचो आणि विचारायचो, 'हे कुणी काढलं, तू की पट्टीनं?' आणि अख्खी प्रयोगशाळा हसायची. निसर्ग इतका नेटका नसतो, हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की पोरं माझ्या पाठीमागे माझ्याच आवाजात म्हणायची. आणि आज सकाळी मी काय केलं, तर डोळ्यांत औषध घालायचा ड्रॉपर घेतला, एक कोपरा सोडवला, आणि प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब सोडले. एक इथं, एक इथं, एक इथं. अंतर राखून. हाताला सवय, दुसरं काय. ओला हात झटकला असता तरी खरं वाटलं असतं.

आता बोळात कुठे निघालात? तिथं काही नाही — बोळातल्या फळ्या तुम्हीच काल काढल्यात — अच्छा. ते. ते पाहिलंत. हो, तो दुसरा तुकडा मीच लावलाय. तुमचा उरलेला प्लास्टिकचा तुकडा पडला होता, तो काल तुम्ही गेल्यावर लावला. का लावला म्हणजे? तुलना नको का? एकाच ठिकाणचं निरीक्षण म्हणजे निरीक्षण नव्हे. बोळ आणि खोली एकाच कोब्यावर. खोलीत घाम आणि बोळात कोरडं, तर ओल जमिनीची नाही. दोन्हीकडे घाम, तर जमिनीची. हे मी काल लावलं तेव्हा मनात काही काळंबेरं नव्हतं, मिस्त्री, खरंच नव्हतं, मला जाणून घ्यायचं होतं. म्हटलं, कोण जाणे, खालूनही असेल. वरूनही असेल आणि खालूनही असेल, दोन्ही असायला काय हरकत आहे. सकाळी उठून पाहिलं तर दोन्हीकडे कोरडं ठणठणीत. मग मी ड्रॉपर आणला, इथं थेंब टाकले, आणि तिथले टाकायला विसरलो. विसरलो हो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खोटं करायचं आणि खोट्याच्या शेजारी त्याचा पुरावा पट्टीनं चिकटवून ठेवायचा — एवढा मूर्खपणा करायला माझ्याइतकं शिकावं लागतं.

हसू नका. बरं, हसा.

पण कारण तर समजून घ्या. मी स्वतःसाठी केलं का हे? मला कुठे नेणार आहेत? मी इथेच आहे, माझी खुर्ची, माझी पुस्तकं, सगळं इथेच. मी केलं ते हिच्यासाठी. तुम्ही घरचं माणूस समजून एक शब्द टाकलात तर ती राहील. नाही तर त्या हिरव्या जमिनीवर, अनोळखी बायकांच्या हातात — आणि कशासाठी? यात माणसाचा दोष काय असतो? झोपेत असतो आपण, आणि झोपेतच कळतं की आता उठायला हवं, आणि उठतोही, पण पाय जमिनीला लागायला वेळ लागतो. दिव्याचं बटण जागच्या जागी सापडत नाही. चपलेत एकच पाय जातो. आणि दार तिथं समोर दिसत असतं, अगदी समोर, आणि मग उभ्या उभ्याच — गुडघ्यापासून खाली गरम, आणि लगेच गार. गार झालं की आधी वाटतं, पाण्याचा तांब्या लवंडला असेल. खरंच वाटतं, क्षणभर. मग टॉवेल घ्यायचा, आवाज न करता पुसायचं, आणि टॉवेल तसाच — बिचारी. बिचारीला काय वाटत असेल.

काय बघताय?

हो, कोब्यावरचा डाग तिथेच आहे. खिडकीकडे. काल पलंग तुम्हीच सरकवलात ना, मग तुम्हाला माहीत आहे खिडकीकडे कुणाचं टेबल होतं. पुस्तकं माझी, चष्म्याचं घर माझं, तो ड्रॉपरसुद्धा त्याच खणातला. ही भिंतीकडे झोपते. लग्न झाल्यापासून भिंतीकडे झोपते, तिला वारा सोसत नाही.

तुम्हाला कालच कळलं होतं. म्हणून तुम्ही चादर म्हणालात. माझ्याकडे न बघता म्हणालात, खिडकीकडे बघत — मी म्हटलं, या माणसानं बाहेर काय पाहिलं एवढं. आणि मग मी तुमच्यावर ओरडलो.

दार जरा लोटा. ती कपड्यांच्या घड्या घालतेय पलीकडे, तिला कमी ऐकू येतं, पण लोटा.

मी तिला सांगितलं नव्हतं तसं म्हणायला, हे लक्षात घ्या. जेवताना त्यानं विचारलं तेव्हा माझा घास हातातच होता. मी बोलणार होतो. म्हणजे मला वाटतं मी बोलणार होतो — आता कसं सिद्ध करणार. वाक्य तयार करत होतो. माझी वाक्यं तयार व्हायला वेळ लागतो, आधीपासूनच लागतो, आणि ती सगळ्यांना माझ्या आधी पाणी वाढते तशी माझ्या आधी बोलली. नंतर खोलीत आल्यावर मी विचारलं, असं का बोललीस, तर उशीचा अभ्रा बदलत म्हणाली, 'तुम्हाला नसतं झेपलं.' बस्स, एवढंच. ना राग ना काही. चार चांगल्या शिव्या दिल्या असत्या तर मी सकाळी उठून मुलाला सगळं सांगितलं असतं. बहुधा सांगितलं असतं. तेव्हा कुठे माहीत होतं तिला नेतील म्हणून. बायकांचं म्हातारपण लोक सांभाळून घेतात, असं मला वाटलं. माझं कोण सांभाळून घेणार? मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघा मारत आलोय, या घरातसुद्धा.

आणि अजून एक. हे मी कुणाला — जाऊ दे. नाही, सांगतो, आता काय राहिलंय. ती बोलल्यावर सगळे गप्प झाले. ते गप्प राहणं माझ्यानं सोसेना. आणि त्या शांततेत मी म्हणालो — घास तोंडात घालून म्हणालो — 'मी हिला कधीपासून सांगतोय, डॉक्टरांना दाखव म्हणून.' कुणी विचारलं नव्हतं मला. सूनबाईंनी मान हलवली. मुलगा म्हणाला, बरोबर आहे बाबांचं. आणि तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला भात वाढला.

म्हणून तो ड्रॉपर, मिस्त्री. मला वाटलं, कुणाचंच नाव न घेता हे मिटलं तर. ओल खालून. ना ती, ना मी. दोष जमिनीचा. एवढं मोठं घर, एवढा मोठा कोबा, त्यानं एक लहानशी गोष्ट पोटात घ्यायला काय हरकत होती.

तुमचा फोन वाजतोय.

त्याचा आहे? तोच आहे. मग घ्या ना. घ्या, आणि सांगा काय सांगायचं ते — नाही, थांबा. माझ्याकडे का देताय? तुम्हाला विचारलंय त्यानं, तज्ज्ञ तुम्ही. मी बोलू? बरोबर आहे. बरोबर आहे तुमचं. मीच बोलायला हवं. एकच तर वाक्य आहे, आणि आता तर तयारच आहे, तुमच्यासमोर म्हणूनही झालंय. द्या इकडे. हे असं धरायचं ना?

हॅलो. हां, मीच बोलतोय. आहेत, मिस्त्री इथेच आहेत. हो, पाहिलं त्यांनी. नाही, कोरडा आहे. कोबा कोरडा आहे, खालून काही नाही. हो. वरूनच. हे बघ, मला तुला एक — काय? हो, ऐकतोय. हो, मला कळतं तुलाही जड जातंय. नाही रे, तुझी काय चूक. मी म्हणत होतो की — नाही, काही विशेष नाही. हो रे. आईच. दुसरं कोण.

हां. काय टाकायला सांगतोयस? लाकूड? या खोलीतही? आई नसणार म्हणून. नको. नको, ऐक माझं. या खोलीत चादर टाकू दे. ती धुता येते ती. हो, मीच नको म्हणालो होतो, पण मिस्त्रींनी समजावलं मला, या खोलीला तीच बरी. नाही, मला काय करायचीय — आई येईल ना अधूनमधून. तिच्यासाठी. हो. ठेवतो.

घ्या तुमचा फोन. कळलं ना काय ठरलं ते? चादर. सांधा नको कुठेही. रंग कुठलाही चालेल. आणि खिडकीकडची कड भिंतीवर बोटभर नका चढवू, चांगली वीतभर चढवा. लाकडाचे ते नमुने उचला टेबलावरून, इथं नकोत. आणि जाताना बोळातला तो तुकडा काढून टाका.

जा आता. ती चहा घेऊन येतेय.